एकोणतीस की एकोणचाळीस

३ फेब्रुवारी, सोमवार

पडलंच शेवटी गळ्यात! शाळेचा इतिहास मी लिहायचा. मोठ्या बाईंनी — म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी — मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. शाळेला साठ वर्षं होतायत, स्मरणिका निघणार, आणि मी एप्रिलअखेर निवृत्त होतेय. माझ्याइतकी जुनी हाडं आता शाळेत दुसरी नाहीत, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मान आहे तो हाडांचा!

अक्षर बरं असण्याची शिक्षा तेहतीस वर्षं भोगतेय. सूचना मी लिहायच्या, फलक मी लिहायचे, निरोपाची मानपत्रं मी लिहायची. आता माझ्या स्वतःच्या निरोपाचं मानपत्रही मलाच लिहायला सांगतील. लिहीनही. निदान त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तरी नसतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जिन्याखालची खोली उघडून घेतली. साठ वर्षांचे कागद तिथे कोंबलेत. कारकून किल्ली देऊन बाहेरच उभे राहिले. धुळीने शिंका येतात म्हणे. शाळेचा कारकून आणि धूळ सोसवत नाही, म्हणजे कोळ्याला पाण्याची भीती.

पहिली हजेरी सापडली! बावीस मुलं, दोन शिक्षक, एक फळा. शाळा भरायची लाकडाच्या वखारीत, एवढं ऐकून होते. पण हजेरीच्या शेऱ्याच्या रकान्यात जे सापडलं ते कुणी सांगितलं नव्हतं. 'भुशामुळे सर्वांस शिंका. वर्ग बाहेर भरविला.' दुसऱ्या पानावर, 'करवत सुरू. फक्त पाढे घेतले.' दुपारी वखारवाला करवत चालवायचा तेव्हा दुसरं काही ऐकूच यायचं नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून ओरडून पाढे म्हणायचे. त्या बावीस जणांचे पाढे काय पक्के झाले असतील!

पहिल्या मुख्याध्यापकांना खोली नव्हती. ते टेबल दारातच टाकून बसत. उशिरा येणाऱ्याला त्यांच्या टेबलाखालून रांगत आत जावं लागायचं. एका मुलाच्या नावापुढे त्यांनी लिहिलंय, 'आज टेबलाखाली डोके आपटले. उद्या वेळेवर येईल.'

खूप हसले. एकटीच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुढच्या वर्षीच्या गणवेशाची मापं घ्यायला टेपमावशी आली होती. फाटकासमोर तिचं शिवणाचं दुकान. गळ्यात कायम टेप, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. आता दुकानाच्या पाटीवरही तेच आहे. मुलाकडे नुसती बघते आणि माप सांगते. टेप लावते ती मुलाच्या समाधानासाठी. आठवी अ, एकेचाळीस मुलं — वर्गाबाहेर पडता पडता एकूण कापड किती लागेल ते तोंडी सांगून मोकळी झाली. कारकुनांनी यंत्रावर बेरीज करून पाहिली. तंतोतंत.

मोठ्या बाईंनी तिला याही वर्षी विचारलं, की पालकांच्या वतीने शाळा समितीवर या. तिची लेक आमच्या नववीत आहे. आणि समितीत सध्या जे बसतात त्यांच्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी. पण नाहीच म्हणाली.

"नववी नापास बाई त्या खुर्चीवर बसून करणार काय? लेकीच्या वर्गातली पोरं हसतील."

हसत हसतच म्हणाली. गेली तीन वर्षं ती हे हसत हसतच म्हणतेय. तीही आमच्याच शाळेची. मी नोकरीला लागले त्याच वर्षी नववीत होती, गणितात आपटली, बापाने शाळेतून काढलं आणि शिवणयंत्रावर बसवलं. मला ती तेव्हाची आठवत नाही. त्या वर्षाची मला फक्त रात्री जागून काढलेली पाठांची टिपणं आठवतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टाकीत पाणी नाही. अर्ध्या दिवसाने शाळा सोडली. पोरांचा आनंद गगनात मावेना. माझाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इतिहास म्हणून काय लिहायचं हेच कळेनासं झालंय. इमारत कधी, वरचा मजला कधी, पहिला निकाल किती टक्के — हे सगळं लिहून झालं आणि वाचलं तर ती आमची शाळा वाटेचना. आमची शाळा म्हणजे जिन्याची सातवी पायरी. ती बोटभर उंच आहे. नवीन मुलं पहिल्या आठवड्यात तिथे ठेचकाळतात, मग जन्मात पुन्हा नाही. मागे एक गृहस्थ आले होते, चांगले पन्नाशीचे. जिना चढताना सातव्या पायरीला पाय आपोआप उचलला. मी विचारलं, "कुठली तुकडी?"

तिसऱ्या तासाला वर्गात येणारी झोप म्हणजे शाळा. 'बाई, हा बघा ना' म्हणजे शाळा. बदली तासाला मला पाहून पडणारे चेहरे, तीही शाळाच. पोरं मला मागे 'लालशाई' म्हणतात. मला ते माहीत नाही, असं त्यांना वाटतं.

हे सगळं लिहिलं तर मोठ्या बाई म्हणतील, स्मरणिका आहे, गप्पा नव्हेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

 

आज माझ्या पहिल्या वर्षाचं नववीचं निकालपत्रक सापडलं. केवढा मोठा कागद! सगळा माझ्या हातचा. एक आकडा गिरवलेला नाही, एक खाडाखोड नाही. मनात म्हटलं, वा! कारकुनांना मुद्दाम बोलावून दाखवलं. जरा मिरवलंच.

मग त्याच पाकिटात खडू सरांची गणिताची यादी निघाली. ते आमचे गणिताचे सर. कानामागे नेहमी खडू. आता ऐंशीच्या पुढचे असतील. तेव्हा आमच्याकडे पद्धत अशी, की विषयाचा शिक्षक आपल्या यादीवरून गुण मोठ्याने वाचणार आणि दुसऱ्याने पत्रकात लिहायचे. एक वाचणार, एक लिहिणार. अक्षरापायी लिहायला मी. उगीच गंमत म्हणून यादी पत्रकाशी ताडून पाहायला लागले.

तेवीस नंबरपर्यंत सगळं जुळलं. चोवीसला माझ्या पत्रकात गणित २९. सरांच्या यादीत ३९.

पुन्हा पाहिलं. उजेडात नेऊन पाहिलं. सरांची यादी स्वच्छ, गिरवलेलं काही नाही. एकोणचाळीस. पासाला पस्तीस लागतात. बाकी सगळ्या विषयांत ती पास. मराठीत एकसष्ट, ते तर मीच दिलेले.

चोवीस नंबरचं नाव तीनदा वाचलं. टेपमावशीचं माहेरचं नाव.

मेले हे आकडे! एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी. दोघांचं तोंड एकच. शेपूट नीट ऐकलं नाही की माणूस गेलाच. सर वाचत असणार, बाहेर घंटा झाली असणार आणि मी 'एकोण'च्या पुढचं मनानेच लिहिलं असणार. मला ती घंटा आता ऐकूसुद्धा येतेय.

मी. लालशाई.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत मागच्या फाटकाने गेले. पुढच्या फाटकासमोर तिचं दुकान आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खडू सरांच्या घरी फोन केला. सुनेने उचलला. सरांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालीय, ते गावी मुलीकडे आहेत, आणि फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी परततील. मग विचारायचं तरी कुणाला? उत्तरपत्रिका तर कधीच रद्दीत गेल्या. उरले दोन कागद, त्यातला एक माझा.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "तिला सांगितलंस तर तिला काय मिळेल?" मी म्हटलं, माहीत नाही. "आणि नाही सांगितलंस तर तुला?" तेही माहीत नाही म्हटलं. मग म्हणाले, जेवून घे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी आधी दार लावलं.

त्यांचं म्हणणं असं, की तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कुणाला पत्ता नाही, कशाला मढं उकरायचं? दोन महिन्यांनी तुम्ही हार घालून घरी जाणार. जाता जाता अंगावर चिखल का उडवून घेता? माणूस वाईट नाही. माझ्या काळजीनेच बोलत होत्या. वर म्हणाल्या, अशी एक निघाली की लोक म्हणतील आणखी किती असतील.

तेच तर मला झोंबतंय. आणखी किती? परवापासून जिन्याखाली बसून सगळी पत्रकं ताडतेय. नऊ वर्षांची झाली. दुसरी चूक नाही. एकच. तिचीच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

शाळा सुटल्यावर गेले. ती काज करत होती. मी दोन्ही कागद तिच्या मेजावर ठेवले आणि सरळ सांगितलं, की तू पास होतीस. लिहिताना मी चुकले. वाटेत काय काय शब्द जुळवले होते, एकही तोंडातून निघाला नाही.

ती कागदांकडे पाहत राहिली. मग बोट ठेवून आपला नंबर शोधला, दोन्हीकडे. सुई हातातच होती.

"एकोणचाळीस," म्हणाली. मग म्हणाली, "निकाल लागला त्या दिवशी आईने मला उंबऱ्यातच मारलं होतं, बाई. मी सांगत होते, पेपर बरा गेला होता गं. ती म्हणाली, नापास ते नापास, वर खोटंही बोलतेस."

मी माफी मागितली. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी नेहमीसारखी बोलली, माप घेतलं, तारीख दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही आता जा."

गेले. रस्ता ओलांडताना रडायला आलं. भर रस्त्यात, या वयात.

५ मार्च, बुधवार

टेपमावशीने गणवेशाचे नमुने लेकीच्या हाती पाठवले. स्वतः आली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच.

लेकीला विचारावंसं वाटलं, आई कशी आहे? नाही विचारलं. तिला मराठीच्या वहीवर सही दिली.

१० मार्च, सोमवार

दहावीची परीक्षा सुरू. पर्यवेक्षणाला उभी होते. तीन तास कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. एक मुलगी उत्तर लिहायची, खोडायची, पुन्हा तेच लिहायची. मला वाटलं, जवळ जाऊन सांगावं — लिही गं तू नीट, पुढे तुझं नशीब एखाद्या बाईच्या कानावर आहे.

इतकी वर्षं मला वाटायचं शाळा म्हणजे आम्ही शिकवतो ते. मुलांच्या आयुष्यात त्यातलं किती उरतं? पोरं कविता विसरतात, सनावळ्या विसरतात. 'नापास' तेवढं विसरत नाहीत. चाळीस-पन्नास आकड्यांची ती उभी रांग आम्ही मधल्या सुट्टीत भरतो, बोलत बोलत, घाईघाईत. समोरचा ती जन्मभर वागवतो.

१३ मार्च, गुरुवार

आली! आणि आईला घेऊन आली.

म्हातारी ऐंशीची. काठी टेकत जिना चढली. मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्चीवर बसवली. टेपमावशीने मला एवढंच सांगितलं, की आईसमोर वाचून दाखवा आणि पत्रकात दुरुस्त करा.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या सहीने होणार असेल तर करा." त्यांना मनापासून मानलं मी आज. कारकुनांनी पत्रक आणलं, न शिंकता.

आमचा नियम आहे — आकडा गिरवायचा नाही. चुकलेल्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, लाल शाईत, मग कारण, सही, तारीख. शेकडो वेळा केलंय, दुसऱ्यांच्या चुकांवर. २९वर रेघ मारली. शेजारी ३९. खाली लिहिलं, 'गुण ऐकून लिहिताना माझ्याकडून चूक झाली.' सही केली. 'नापास'वरही रेघ मारली. मग मोठ्याने वाचलं. म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा वाचलं.

ती म्हणाली, "म्हणजे ही पास होती?"

"पास होती, आजी."

  म्हातारीने लेकीचा हात ओढून घेतला आणि दंडापाशी चोळायला लागली — जणू आत्ताच तिथे मारलं होतं. टेपमावशी म्हणत होती, असू दे गं, असू दे. म्हातारी चोळतच राहिली. मोठ्या बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. कारकून बाहेर गेले. धुळीमुळे असेल.

जाताना टेपमावशी माझ्यापाशी थांबली. म्हणाली, अजून राग आहे, बाई. मी म्हटलं, असायलाच हवा. म्हणाली, हळूहळू जाईल. मग समितीचं विचारलं — जागा आहे अजून?

२८ मार्च, शुक्रवार

समितीच्या पहिल्याच बैठकीत टेपमावशीने सगळ्यांना गार केलं! नव्या टाकीचा कागद फिरत होता. तिने एकदा वाचला आणि विचारलं, इतकी मुलं, दिवसाला माणशी इतकं पाणी, मग ही टाकी दुपारी दोनलाच कोरडी पडणार, नाही का? अध्यक्षांनी चष्मा लावला. गणित करून पाहिलं. कोरडी पडत होती.

मी दाराबाहेरून ऐकत होते. चोरून ऐकणं वाईट, हे मीच पोरांना शिकवते.

११ एप्रिल, शुक्रवार

इतिहास लिहून संपवला. वखार, भुसा, टेबलाखालून रांगणारी मुलं — सगळं घातलं. सातवी पायरीही घातली. आणि शेवटी एक परिच्छेद एकोणतीस-एकोणचाळीसचा. शाळेचा इतिहास म्हणजे शाळेच्या चुकांचाही, असं सुरुवातीचं वाक्य आहे. मोठ्या बाईंनी ओठ चावला, पण काढलं नाही.

टेपमावशीला आधी वाचायला दिलं होतं. मी तिचं नाव टाळलं होतं. तिने पेन मागितलं आणि स्वतः नाव घातलं. आधी माहेरचं, मग सासरचं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

लेक म्हणे आता वर्गात सांगते, आमच्या आईला गणितात एकोणचाळीस होते. एकोणचाळीस! पोरं त्यावरही हसतात. पण ते हसणं वेगळं.

२८ एप्रिल, सोमवार

स्मरणिका छापून आली. पान सतरा, 'वर्षे' हवं तिथे 'वर्ष' छापलंय. मुद्रकाला सांगून उपयोग नाही.

माझं कपाट रिकामं केलं. आठ लाल पेनं निघाली, त्यातली तीन चालू.

३० एप्रिल, बुधवार

निरोप झाला. खडू सर आले होते, काळा चष्मा लावून. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. भाषणं चालू असताना माझ्याकडे वाकून म्हणाले, सकाळी सुनेने स्मरणिका वाचून दाखवली.

"बाई, तिला एकोणतीसच होते हो. मी एकोणतीसच वाचलं होतं. बापाने दाखला नेला हे कळल्यावर पेपर तीनदा तपासला, एक गुण वाढेना. मग पदरचे दहा घातले, नवी यादी लिहिली आणि हेडसरांकडे गेलो. ते म्हणाले, पोरगी गेली, आता राहू द्या. ती यादी पाकिटात तशीच राहिली."

मी काही बोलायच्या आत माझं नाव पुकारलं. समितीच्या वतीने शाल द्यायला टेपमावशी उभी होती. तिची आई पहिल्या रांगेत. शाल पांघरवताना टेपमावशी माझ्या कानात म्हणाली, "राग गेला, बाई."

परत येऊन बसले. सरांनी विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी माझा हात दाबला.

म्हणजे तेहतीस वर्षांपूर्वी घंटा वगैरे काही झाली नव्हती. मी नीट ऐकलं होतं आणि नीट लिहिलं होतं. हे फक्त इथे लिहितेय. पत्रकात आता चूक आहे, लाल शाईत, माझ्या सहीची. ती तशीच राहील.